झोपेचा दवाखाना

“तर मग सांगा डॉक्टर, याला देवी घेऊ देऊ का नको?”

कमळूने एवढं एकदाच विचारलं आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. उत्तर मिळाल्याशिवाय ती पुन्हा डोक्यावर चढणार नव्हती, हे डॉ. शेखर विशे यांना समोर बसल्या बसल्या कळलं. शेजारच्या खुर्चीत कमळूचा मुलगा सुनिल बसला होता. वीस वर्षांचा, काटक, कॉलर नीट घडी केलेला शर्ट घालून आलेला. प्रश्न त्याच्याबद्दल होता, पण तो आपला खिडकीबाहेर बघत होता. फक्त त्याचा एक पाय सारखा हलत होता.

देवी घेणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना समजावून सांगायची गरज नव्हती. शेणव्याच्या वर, डोंगराच्या कुशीत कमळूचं गाव. तिथे दर वैशाखात बोहाडा व्हायचा. गावातले लोक देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीवर नाचायचे. एकेक सोंग म्हणजे एकेका घराचा मान. तीन रात्री बाकीची सोंगं नाचायची आणि शेवटच्या दिवशी उजाडताना देवी निघायची, महिषासुराला मारायची आणि मग गाव जेवायला बसायचं. ही देवीची पाळी कमळूच्या घराची होती, त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या वेळेपासून. कमळूचे गुडघे गेले, तेव्हा गेल्या वर्षी पहिल्यांदाच मुखवटा सुनिलच्या तोंडावर चढला, आणि तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली होती.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावर सात-आठ माणसं ताटकळत होती, पण घाईघाईने उत्तर द्यावं असा हा प्रश्न नव्हता.

शहापूरच्या बाजारपेठेत खताच्या दुकानामागे त्यांची ही खोली. मंगळवारी इथे, शुक्रवारी मुरबाडला एस.टी. स्टँडजवळ अशीच दुसरी. कल्याणच्या एका संस्थेने त्यांना काम दिलं होतं ते तरुण पोरापोरींचं. मनाचे मोठे आजार बहुतेक याच वयात डोकं वर काढतात, आणि पहिल्या काही महिन्यांत औषध पोटात गेलं तर माणूस हाताशी राहतो, नाहीतर वर्षं निघून जातात. डॉक्टरांनी आधी एका मोठ्या मनोरुग्णालयात नोकरी केली होती. तिथे दहा-दहा वर्षं घरात कोंडून मग आणलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांच्या आया विचारायच्या, “आधी आणला असता तर?” या प्रश्नाला खरं उत्तर देण्याची हिंमत त्यांना कधी झाली नाही. म्हणून ते पगार कमी घेऊन इकडे आले. बायको म्हणायची, लोक पुढे जातात, तुम्ही मात्र कल्याणहून शहापूरला आलात.

सुरुवातीला बाहेर पाटी लावली होती, ‘मानसोपचार केंद्र’. दोन महिन्यांत तिथे माणूस म्हणून फिरकलं नाही. खतवाल्याचीच गिऱ्हाइकं चुकून आत डोकावायची आणि युरिया मागायची. मग डॉक्टरांनी पाटी उतरवली आणि दुसरी लावली, ‘झोपेचा दवाखाना’. संस्थेतल्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लोक येऊ लागले. वेड लागलंय हे कोण सांगायला येणार? झोप लागत नाही हे सांगायला मात्र लाज वाटत नाही. आणि बिघडायला लागलं की पहिली जाते ती झोपच. डॉक्टर मूळचे वाशिंदचे. वडील कारखान्यात रात्रपाळीला. दिवसा घरात वडील झोपलेले आणि आई ओठावर बोट ठेवून पोरांना गप्प करतेय, यातच त्यांचं बालपण गेलं. झोपलेल्या माणसाचा मान राखायचा हे त्यांना तेव्हापासून अंगवळणी पडलेलं. दवाखान्यात कुणीही आलं तरी शेवटी ते एकच वाक्य म्हणायचे, “पोराला झोपू द्या.” हे इतक्यांदा म्हटलं होतं की बाकावरची माणसं ते त्यांच्या आधीच पुटपुटायची.

गेल्या वर्षी अशीच धोंडीबाई, सुनिलची आई, एकटीच आली होती. मला झोप नाही म्हणाली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, घरात अजून कोण जागं असतं? तेव्हा ती पदराने डोळे पुसत बोलायला लागली.

बोहाड्यात सुनिलच्या अंगात वारं आलं, यात कुणाला नवल वाटलं नव्हतं. देवी घेणाऱ्याच्या अंगात वारं येतंच. पण मुखवटा उतरवल्यावरही ते उतरलं नाही. पोरगं बोलतच राहिलं, लोकांच्या मनातलं सांगू लागलं. कुणाच्या विहिरीला पाणी कुठे लागेल, कुणाची सून माहेराहून कधी येईल. दोन-चार गोष्टी खऱ्या झाल्या आणि गावाने माथा टेकला. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं नारळ घेऊन यायला लागली, त्याच्या पायावर लेकरं घालायला लागली. आता देवी अंगात असताना माणसाने झोपायचं नसतं, तो देवीचा अपमान. म्हणून रात्री पोराचे डोळे मिटायला लागले की त्याच्या कानाशी संबळ वाजवायचे. यात सगळ्यांत पुढे कमळूच होता. आपल्या घरात देवी मुक्कामाला आली, याहून आणखी काय पाहिजे? ज्या पोराला झोपेची सगळ्यांत जास्त गरज होती, त्याला सगळ्या गावाने मिळून, मोठ्या भक्तीने, झोपू दिलं नाही.

मग सुनिलने जेवण टाकलं. अन्नात विष आहे म्हणू लागला. एकदा रानात निघून गेला आणि सापडला तो डोहाच्या काठावर, पाण्यातल्या कुणाशी तरी भांडत. तेव्हा धोंडीबाई नवऱ्याला न सांगता वाशिंदला भावाकडे जाते म्हणून निघाली आणि शहापुरात उतरली. ‘झोपेचा दवाखाना’ ही पाटी तिला कुणीतरी वाचून दाखवली होती. पुढच्या मंगळवारी ती सुनिलला घेऊन आली, आणि डोहानंतर धास्तावलेला कमळूही मुकाट मागून आला.

डॉक्टरांना आजवर जे साधलं त्यात सुनिलचा नंबर वरचा होता. औषधाने महिन्याभरात तो जेवायला लागला, पावसाळ्यात भाताच्या आवणीला उभा राहिला, दिवाळीनंतर वाशिंदच्या एका कारखान्यात हंगामी कामालाही जाऊन आला. वेळेवर आला, म्हणून वाचला. डॉक्टर घरी बायकोला कधी पेशंटचं सांगत नसत, पण सुनिलचं नाव न घेता दोनदा सांगून झालं होतं.

आणि आता हा प्रश्न.

“नको,” डॉक्टर म्हणाले. “तीन रात्री जागरण आणि वर उपास. कमळूदादा, अहो, दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून प्यायचं. देवी पुढच्या वर्षी आहे, त्याच्या पुढच्या वर्षी आहे.”

कमळूने मान हलवली. त्याला बहुधा हेच ऐकायचं होतं. त्याने टोपी उचललीसुद्धा. पण तेवढ्यात सुनिल बोलला. इतक्या महिन्यांत तो विचारलं तेवढंच बोलायचा, त्यामुळे दोघेही थांबले.

“तुमी बरं केलं माला, ते खरं हाय. पन गावात कुनाला म्हाईत नाय मी बरा झालोय.” तो अजून खिडकीकडेच बघत होता. “तवा माज्या पाया पडायची लोकं. आता माला बघून पोरं बाजूला घेत्यात. या साली मी देवी नाय घेतली, त काका घेईल. येकदा मान गेला का येत नाय. मंग म्हनतील, त्याला घरानंच येडा ठरवला. येड्याच्या तोंडावर देवी कोन देतो? माज्या तोंडावर दिली, त मी बरा. तुमच्या गोळीनं नाय कळायचं ते त्यांना.”

मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तवा माला समद्यांचं दुख कळायचं, डॉक्टर. आता काय नाय कळत. आता मी नुसता सुनिल हाय. त्यो तरी ऱ्हाऊ द्या.”

आजार गेला म्हणजे काहीतरी मिळालं असं आपण धरून चालतो. या पोराचं त्यात बरंच काही गेलंही होतं आणि ते आपण कधी विचारलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बघतो म्हणून त्यांनी दोघांना वाटेला लावलं. त्या दिवशी पुढच्या तीन पेशंटना त्यांनी काय सांगितलं ते त्यांनाही नीट आठवलं नसतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. जागरणाने आजार उलटला तर दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा चिवट होतो, हे पुस्तकातलं खरं. आणि गावाने एकदा वेडा म्हणून बाजूला काढलं की माणूस गोळ्यांसकट खचतो, हे पुस्तकात नसलेलं पण तितकंच खरं. रविवारी त्यांनी स्कूटर काढली. बायकोने विचारलं, आज कुणाचा दवाखाना? ते म्हणाले, देवीचा.

बोहाड्याचं सगळं मंगळूच्या हातात असायचं. म्हातारा गावचा भगत. डॉक्टर गेले तेव्हा तो अंगणात मुखवटे मांडून रंगवत बसला होता. रावण वाळत घातलेला, गणपतीच्या सोंडेला चिंध्या गुंडाळलेल्या. त्याने डॉक्टरांना बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि मग सरळच म्हणाला, “तुमी आमची देवी घालवली.”

“देवी कुठे घालवली? आजार घालवला,” डॉक्टर म्हणाले. “देवी तुमच्याकडेच आहे. ही काय, तुम्ही तिचे डोळे रंगवताय.”

मंगळू हसला नाही, पण त्याने कुंचला खाली ठेवला. मग बराच वेळ दोघांचं बोलणं चाललं, त्यात निम्मं पावसाचं आणि मोहाच्या फुलांचं होतं. डॉक्टरांनी शहाणपण शिकवलं नाही. पोराला औषध रोज संध्याकाळी घ्यावं लागतं आणि त्यावर झोपावं लागतं, आणि तरी त्याला देवी घ्यायचीय, यातून वाट काय ती तुम्हीच सांगा, एवढंच ते म्हणाले. मंगळू म्हणाला, देवीला जाग लागते, तो नेम आहे. गेल्या वर्षीची त्याला आठवण होतीच. पोरगं डोहाच्या काठी सापडलं तेव्हा त्याला उचलून आणणाऱ्यांत तोही होता. शेवटी त्याने पुन्हा कुंचला उचलला.

“जाग घराची असती,” तो म्हणाला. “घरातला येक मानूस जागा पायजे. बाप जागला त चालंल. पोरगा झोपू दे. उजाडताना उठवा, आंघोळ घाला, आनि आना.”

डॉक्टर उठता उठता म्हणाले, नेम मोडला असं कुणी म्हणणार नाही ना? मंगळू म्हणाला, नेम सांगतो कोण? मीच ना.

परतीच्या वाटेवर डॉक्टर स्कूटरवर चक्क गुणगुणत होते. साप मरावा आणि काठीही मोडू नये, तसं झालं होतं. मंगळवारी त्यांनी सुनिलला आणि कमळूला बोलावून सगळं नीट बसवलं. तिन्ही संध्याकाळी गोळी वेळेवर. उपास करायचा नाही, देवीला दाखवून भाकरी खायची. संबळापासून लांब, गावाच्या खालच्या टोकाला मावशीच्या घरी झोपायचं. शेवटच्या दिवशी उजाडताना कमळू उठवायला जाईल. सुनिल पहिल्यांदा हसला तो तेव्हा. त्याने गोळीची वेळ दोनदा विचारून घेतली आणि तुम्ही याल का, असंही विचारलं. येणार म्हणजे काय, डॉक्टर म्हणाले.

शेवटच्या दिवशी ते वाशिंदहून अंधारातच निघाले, पण शेणव्याच्या पुढे स्कूटर रुसली आणि चढावर ढकलत न्यावी लागली. गावात पोचले तेव्हा ऊन पडलं होतं आणि पिपाणी लांबूनच ऐकू येत होती. देवळासमोर माणसांची दाटी. बायका कडेवर पोरं घेऊन पुढे सरकत होत्या, आणि मधे मोकळ्या जागेत देवी नाचत होती. हिरवं लुगडं, पाठीला बांधलेले लाकडी हात, वर तो जड मुखवटा. मागून एक जण कमरेचा शेला धरून होता, कारण मुखवट्याच्या वजनाने नाचणारा पुढे झुकतो.

डॉक्टर टाचा उंच करून बघू लागले. छाती भरून आली होती त्यांची. गेल्या वर्षी याच पोराला आपण पाहिलं तेव्हा तो टेबलाखाली लपून बसला होता, आणि आज सगळ्या गावापुढे देवी झाला आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की देवी उजव्या पायावर भार देत नाहीये. गिरकी घेताना ती थांबते, पाय ओढून घेते आणि मग पुढची गिरकी घेते. लुगड्याखालच्या पोटऱ्या सुकलेल्या होत्या, शिरा वर आलेल्या. वीस वर्षांच्या पोराचे ते पाय नव्हते.

धोंडीबाई खांबाला टेकून उभी होती. डॉक्टर गर्दीतून तिच्याकडे गेले. सुनिल कुठाय, त्यांनी विचारलं. काही झालं का?

“काय नाय झालं. झोपलाय,” ती म्हणाली. “हे गेलं व्हतं उठवायला. दारात उभं ऱ्हायलं, आनि मागारी आलं. माला म्हनलं, असा झोपलाय का लहानपनी झोपायचा तसा. गेल्या साली मीच जागवला त्याला, आता माज्यानं नाय उठवत. आनि आंघोळ करून सोताच बसलं मुखवट्याखाली. मंगळूबाबा पन काय नाय बोललं.”

डॉक्टर तिथेच उभे राहिले. तीन रात्री जागून काढलेला, गुडघे गेलेला बाप पोरासाठी नाचत होता, आणि पोराला हवं होतं तेच नेमकं त्याने मायेपोटी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. यात रागवायचं कुणावर? आयुष्यभर पोरांना झोपू द्या म्हणून सांगत आलेल्या डॉक्टरांना पहिल्यांदाच वाटलं की एकाला तरी हलवून उठवायला हवं होतं. मावशीच्या घराकडे धावत जावं असंही त्यांच्या मनात आलं, पण आता काय उपयोग? एकदा चढलेला मुखवटा महिषासुर पडेपर्यंत उतरवत नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

तेवढ्यात खालच्या वाटेने सुनिल आला. बहुतेक पिपाणीने जाग आली असावी. केस विस्कटलेले, गालावर गोधडीचे वळ. गर्दीच्या कडेला येऊन तो थांबला आणि देवीकडे बघू लागला. बापाचं नाचणं ओळखायला त्याला डॉक्टरांइतका वेळ लागला नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला. ओठ घट्ट मिटले, डोळे भरले. डॉक्टर त्याच्याकडे निघाले आणि हात-दोन हातांवर येऊन थांबले.

गर्दीने सुनिलला ओळखलं. दोघी-तिघी बायका जरा सरकल्या, आपापली लेकरं त्यांनी दुसऱ्या कडेवर घेतली. सकुबाई नावाची एक म्हातारी मात्र उलटी त्याच्याकडेच आली. गेल्या वर्षी तिने त्याला हरवलेल्या म्हशीचं विचारलं होतं आणि म्हैस सापडली होती. ती त्याच्या पायांवर वाकायला लागली तसे सुनिलने पाय मागे घेतले आणि तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

“माज्या नको, आजी,” तो म्हणाला. “देवी तिकडं हाय. बानं घेतलीय.”

त्याने तिला हाताने धरून पुढे नेलं, बायकांच्या रांगेत उभं केलं आणि तिथेच उभा राहिला. संबळ वाढला होता. महिषासुर आडवा होऊन फिरत होता आणि देवीची गिरकी आता अर्ध्यावरच थांबत होती. एकदा तर ती पुढे इतकी झुकली की मंगळू बसल्या जागेवरून उठला. सुनिल रिंगणात शिरला. शेला धरणाऱ्या माणसाच्या कानाशी तो काहीतरी बोलला. त्या माणसाने आधी त्याच्याकडे आणि मग मंगळूकडे पाहिलं. मंगळूने मान हलवली. सुनिलने शेल्याचे पदर आपल्या मुठीत घेतले, एक पीळ दिला आणि मागे रेलून बापाचा सगळा भार स्वतःवर घेतला.

देवी क्षणभर थबकली. मागे कोण आलं हे मुखवट्यातून दिसण्यासारखं नव्हतं, पण कमळूच्या खांद्यांना ते कळलं असावं. त्याने उजवा पाय टेकला, आणि या वेळची गिरकी पुरी झाली.

पुढे बराच वेळ, महिषासुर पडेपर्यंत, दोघे तसेच नाचत राहिले. लोक देवीला ओवाळत होते, तिच्या पायांवर लेकरं घालत होते. मागच्या पोराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डॉक्टर मात्र त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.